दारूच्या दुकानावर मत, मग शाळेच्या पैशावर का नाही?



आपल्या राज्यात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर गावाला मतदान मागता येते. गावातल्या चौथा हिस्सा महिला मतदारांनी सह्यांनिशी अर्ज केला की अधिकारी येतात, सह्या पडताळतात, तारीख लावतात आणि गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप लागते. हा हक्क बायकांनी भांडून मिळवला आणि कितीतरी गावांत वापरून दाखवला.

त्याच गावात जिल्हा परिषदेची शाळा असते. त्या शाळेवर वर्षाला किती पैसा खर्च होतो, तो कोठून येतो, कशावर जातो, पुढच्या वर्षी किती यायचा आहे, हे गावाला कोणी सांगत नाही आणि त्यावर गावाला कोणी विचारतही नाही. शाळा चालू ठेवायची की शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकायची, हे मुंबईत ठरते. म्हणजे दारूवर मत देण्याइतके शहाणपण गावाला आहे असे सरकार मानते. पोरांच्या शाळेवर मत देण्याइतके नाही!

आमचे म्हणणे दोन ओळींचे आहे. शाळेला पैसा पुरवण्याची जबाबदारी राज्याची. त्या पैशाचे अंदाजपत्रक मंजूर किंवा नामंजूर करण्याचा हक्क गावाचा. या दोन्ही गोष्टी एकदमच मागायच्या आहेत. एक घेतली आणि दुसरी सोडली तर आपल्याच गळ्याला फास बसेल. तो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पैसा कोणाचा?

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. शाळा म्हणजे सरकारने गावाला दिलेली खैरात, असे आपल्या मनावर बिंबवले गेले आहे. खैरात घेणाऱ्याने हिशेब विचारायचा नसतो, म्हणून आपण विचारत नाही.

इतिहास उलटा आहे. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवायचा, असे ठरले. म्हणजे खेड्यातल्या सरकारी शाळेचा पाया शेतकऱ्याच्या पैशावर घातला गेला. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुख्य आरोप होता. त्याला १४० वर्षे उलटून गेली. फुल्यांची जयंती करायला मंत्री येतात. निवेदनातला हिशेब मात्र कोणी काढत नाही.

आजही सातबाऱ्याचा मालक शेतसाऱ्यासोबत जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर भरतो. महाराष्ट्रात १९६२ पासून शिक्षण उपकराचा कायदा आहे. २००४ साली केंद्राने सगळ्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला. आयकर भरणाऱ्यालाच तो लागला, असे कोणी समजू नये. उत्पादन शुल्कावरही तो होता, म्हणून ट्रॅक्टरच्या डिझेलमधून तो २०१५ पर्यंत आपल्या खिशातून गेला. २००७ साली त्यात माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का चढवला. आता मेख पाहा. तो एक टक्का ज्या स्वतंत्र कोशात जमा व्हायला हवा होता, तो कोश उघडायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली २०१७ च्या ऑगस्टमध्ये. दहा वर्षे उपकर शिक्षणाच्या नावाने गोळा होत राहिला आणि त्या नावाची पेटीच नव्हती! सोसायटीच्या सचिवाने असे केले असते तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत सभासदांनी त्याला उभे केले असते.

म्हणून सांगतो, शाळेचा पैसा आपला आहे. आपला आहे म्हणून हिशेब मागायचा आणि मतही मागायचे.

न्यूयॉर्क राज्यात मे महिन्यात काय होते

शाळेच्या अंदाजपत्रकावर लोकांनी मतदान करायचे, ही कल्पना ऐकून आपल्याकडचे अधिकारी हसतील. त्यांना सांगा की हे जगात दुसरीकडे दरवर्षी होते. अमेरिकेतले न्यूयॉर्क राज्य घ्या. नाव ऐकून उंच इमारती डोळ्यांपुढे येतात, पण शहर सोडले तर ते राज्य गोठ्यांचे, सफरचंदांच्या बागांचे आणि लहान गावांचे आहे.

तिथे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. तो आपल्यासारखा मोठा जिल्हा नसतो. पुष्कळ ठिकाणी आसपासची चार-सहा गावे मिळून एक शाळाक्षेत्र होते. राज्यात अशी सातशेच्या आसपास क्षेत्रे आहेत. प्रत्येकाचे एक निवडून दिलेले मंडळ असते आणि सभासदांना सहसा मानधन नसते. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. मंडळ हिवाळ्यात अंदाजपत्रक तयार करते, राज्याकडून किती मदत येणार ते पाहते, आणि उरलेला खर्च त्या क्षेत्रातल्या घरांवर, दुकानांवर आणि जमिनींवर कर म्हणून वाटते.

पण मंडळाने ठरवले म्हणजे झाले असे नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी त्या अंदाजपत्रकावर मतदान होते. प्रश्न एकच: हे अंदाजपत्रक मंजूर आहे का, हो की नाही. त्याच दिवशी मंडळाच्या सभासदांचीही निवडणूक होते. शाळेच्या नव्या बस घ्यायच्या असतील तर बहुधा तो प्रश्न वेगळा विचारला जातो, म्हणजे बसला नाही म्हणायचे असेल तर सगळे अंदाजपत्रक पाडावे लागत नाही.

मतदानाआधी काय करावे लागते, हे आपल्या कामाचे आहे. अंदाजपत्रक तीन भागांत मांडावे लागते. पहिला भाग वरच्या कारभाराचा, दुसरा शिकवण्याचा आणि मुलांसाठीच्या कामांचा, तिसरा इमारती आणि त्यांच्या कर्जाचा. खुर्च्यांवर किती गेले आणि मुलांवर किती, हे सामान्य माणसाला एका नजरेत दिसावे म्हणून ही विभागणी. शाळाक्षेत्राच्या मुख्य अधिकाऱ्याचा पगार आणि भत्ते जाहीर करावे लागतात. गेल्या वर्षी किती खर्च, यंदा किती, कर किती वाढणार, मुले किती, याचा एक तक्ता सरकारला आणि लोकांना द्यावा लागतो. मतदानाच्या एक ते दोन आठवडे आधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. त्यानंतर प्रत्येक मतदाराला टपालाने सूचना जाते. कोणालाही कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

मत कोणाला? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, त्या क्षेत्रात तीस दिवसांपासून राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाला. ज्याच्या नावावर जमीन नाही त्यालाही, ज्याचे मूल शाळेत नाही त्यालाही. पूर्वी तसे नव्हते. जमीनमालक, भाडेकरू आणि पालक यांनाच मत होते. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या एका अविवाहित माणसाने त्याविरुद्ध दावा लावला आणि १९६९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आणि मायबहिणींनी हेही लक्षात ठेवावे: न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना शाळेच्या सभेत मत मिळाले १८८० साली. बाकीच्या निवडणुकांत मत मिळायला १९१७ उजाडले. बायकांच्या मताधिकाराची पहिली फट तिथे शाळेच्या दारातून पडली.

आता कोणी विचारील, लोक नाही म्हणाले तर शाळा बंद पडते काय? पडत नाही. मंडळाला जूनच्या तिसऱ्या मंगळवारी तेच किंवा सुधारलेले अंदाजपत्रक पुन्हा मतदानाला ठेवता येते. दुसऱ्यांदाही लोक नाही म्हणाले तर काटकसरीचे अंदाजपत्रक लागू होते. त्यात कराची एकूण रक्कम गेल्या वर्षीपेक्षा एक पैसाही वाढवता येत नाही. शिक्षकांचे पगार आणि कायद्याने बांधलेले खर्च चालू राहतात. अत्यावश्यक नसलेल्या खरेदीला कात्री लागते, आणि वरच्या कारभाराचा हिस्सा फुगवायला बंदी असते.

आणि लोक सूडाने वागतात असेही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथली शंभरातली नव्वदहून जास्त अंदाजपत्रके पहिल्याच मतदानात मंजूर झाली आहेत. लोकांना विचारले की लोक जबाबदारीने वागतात, आणि विचारावे लागणार हे माहीत असले की कारभारी आधीच नीट वागतो. मताचा खरा उपयोग हा दुसरा आहे.

दोन शाळाक्षेत्रे एकत्र करायची असतील तर दोन्हीकडच्या लोकांचे वेगवेगळे मतदान घ्यावे लागते आणि दोन्हीकडे बहुमत लागते. एका क्षेत्रातली एखादी इमारत बंद करायचा निर्णय मंडळ घेऊ शकते; पण ते मंडळ त्याच लोकांच्या मतावर बसलेले असते आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्याच समोर यायचे असते.

तिकडचे जे घ्यायचे नाही

आम्ही अमेरिकेची आरती ओवाळायला बसलेलो नाही. बियाणे कोणत्याही देशातले असो, आपल्या मातीत पेरण्याआधी त्याची उगवणक्षमता आणि त्याच्यासोबत येणारा रोग दोन्ही तपासावे लागतात. कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवले गेले.

तिथल्या पद्धतीतला रोग असा: शाळेचा पैसा स्थानिक मालमत्तेवर उभा आहे. ज्या भागात महागडे बंगले आणि कारखाने, तिथे थोड्या दराने कर लावला तरी ढीगभर पैसा येतो. ज्या भागात पडकी घरे, तिथे लोकांनी कंबर मोडेपर्यंत कर भरला तरी शाळेला रंग मिळत नाही.

याचा सगळ्यात बोलका हिशेब टेक्सास राज्यातून न्यायालयात आला. टेक्सास म्हणजे आपल्यासारखेच कापसाचे आणि ज्वारीचे राज्य. तिथल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचे गरिबांचे शाळाक्षेत्र होते आणि अलामो हाइट्स नावाचे श्रीमंतांचे. १९६७-६८ सालचे आकडे आहेत. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५ डॉलर. राज्याच्या योजनेतला स्थानिक वाटा देऊन झाल्यावर एजवूडच्या हाती मुलामागे २६ डॉलर राहिले. अलामो हाइट्सच्या हाती राहिले ३३३ डॉलर! गरिबाचा कर जास्त आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला पैसा तेरा पटींनी कमी. एजवूडचे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. असा भेदभाव देशाच्या राज्यघटनेविरुद्ध नाही, असे न्यायालयाने सांगितले.

कोरडवाहू शेतकऱ्याने हे वाचून सावध व्हावे. उद्या सरकार म्हणेल, "तुम्हाला शाळेवर हक्क पाहिजे ना? घ्या शाळा. चालवा तुमच्या पैशाने." कालव्याखालचे, उसाचे गाव कशीबशी शाळा चालवील. बोंडअळीने आणि पावसाच्या खंडाने मोडलेले गाव काय करील? आमचे एजवूड होईल. म्हणून पहिल्याच ओळीत सांगितले, पैशाची जबाबदारी राज्याची. तिथल्या मतपेटीचा हक्क घ्यायचा, तिथली मालमत्ता करावरची शाळा घ्यायची नाही.

दुसरा रोग असा की वर बसलेले लोक संधी मिळताच हा हक्क कातरतात. २०११ साली न्यूयॉर्क राज्याने करवाढीवर मर्यादा घातली: दोन टक्के किंवा महागाईचा दर, यात जे कमी असेल ते. त्याच्या वर जायचे असेल तर साधे बहुमत पुरत नाही, साठ टक्के मते लागतात. म्हणजे शंभरातल्या एकोणसाठ जणांनी शाळेला जास्त पैसा द्या म्हटले तरी एक्केचाळीस जणांचे चालते. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात २०१० साली लोकांनी निम्म्याहून अधिक अंदाजपत्रके नाकारली. मग २०१२ साली तिथल्या सरकारने वाट काढून दिली: शाळामंडळाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये न्या, दोन टक्क्यांच्या मर्यादेत राहा, आणि अंदाजपत्रकावर मतदानच घेऊ नका. बहुतेक मंडळांनी ती वाट धरली. लोकांचा नकार पचला नाही की राज्यकर्ते प्रश्न विचारणेच थांबवतात, मग ते कोणत्याही देशाचे असोत.

आपल्याकडे कोण ठरवते?

आता आपल्या घरात पाहू. कायद्याच्या पुस्तकात गाव राजा आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, आणि पंचायतींकडे सोपवण्याच्या विषयांच्या यादीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा लिहिल्या गेल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती, तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि त्या आराखड्याच्या आधारावर सरकारने अनुदान द्यायचे, असे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे.

प्रत्यक्षात गाडी उलटी चालते. अनुदान किती ते आधीच ठरलेले असते आणि आराखडा नंतर रकाने भरून पाठवला जातो. समग्र शिक्षा योजनेत तीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान ठरले दहा हजार रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. उरलेल्यात विजेचे बिल, खडू, दुरुस्ती, फुटलेल्या वस्तू. २०२५-२६ च्या हमीभावाने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये धरले तर दहा हजार म्हणजे सव्वा क्विंटल कापूस. एका शाळेचे एक वर्ष सव्वा क्विंटल कापसात! कोणत्या गावाच्या आराखड्यात असे मागितले होते, हे सरकारने दाखवावे.

गणवेशाचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढचे आहे. पूर्वी गणवेशाचा पैसा शाळा समितीकडे यायचा, गावचा किंवा बाजाराच्या गावचा शिंपी मापे घ्यायचा. २०२४-२५ साली सरकारने ठरवले की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड वरून खरेदी होणार, शिलाई बचत गटांकडून. १५ ऑगस्ट आला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत, आणि आले ते कित्येक पोरांच्या मापाचे नव्हते. कापूस पिकवणाऱ्याचे पोर जुन्या सदऱ्यात झेंडावंदनाला उभे राहिले. बोंबाबोंब झाली तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा समित्यांकडे दिले. गावाला जे आधीपासून जमत होते ते मुंबईने हातात घेतले, बिघडवले आणि परत केले. त्या एका वर्षाचा हिशेब कोणत्या गावापुढे मांडला गेला?

लहान शाळांचेही तसेच. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी मुलांच्या तेराशेवर शाळा बंद करून मिसळण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा प्रस्ताव आला. अशा शाळा सुमारे पंधरा हजार. यातल्या कोणत्या गावात मतदान झाले? न्यूयॉर्कमध्ये दोन शाळाक्षेत्रे जोडायला दोन्हीकडे बहुमत लागते, आणि इथे वस्तीवरची शाळा उचलायला एका शासन निर्णयाचा कागद पुरतो. पोरगा सायकलने चार किलोमीटर जाईल. पोरगी? नाल्याला पाणी आले की ती घरी बसते आणि पुढे कायमची बसते.

कोणी म्हणेल, गाव नसले तरी गावाचे निवडून दिलेले सभासद जिल्हा परिषदेत आहेत, अंदाजपत्रक ते मंजूर करतात. तेही ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. पुढची तीन वर्षे उलटली तरी निवडणुका झाल्या नाहीत. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकाने तयार केले, प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. वादी तोच, न्यायाधीश तोच आणि पंचही तोच. सबंध जिल्ह्यातल्या शाळांच्या पैशावर एकाही निवडून आलेल्या माणसाचे मत नाही, असे तीन मार्च महिने गेले. एखादा बांध कोरला गेला तर आपण तहसील गाठतो; आपला एवढा मोठा हक्क कोरला गेला आणि आपण गप्प राहिलो. आता गप्प राहायचे नाही.

"गावाला काय कळते?"

ही मागणी मांडली की तीन आक्षेप येतील. उत्तरे तयार ठेवा.

पहिला: गावाला अंदाजपत्रक कळत नाही. अरे, ज्या बाईला बियाण्याची पिशवी, दोन डवरणी, तीन फवारण्या, वेचणीचा किलोमागचा दर आणि सावकाराचे व्याज हे सगळे तोंडी जमवून दिवाळीपर्यंत घर ओढायचे असते, तिला शाळेचे एक पान कळणार नाही? कळत नाही ते मुद्दाम न कळेलसे लिहिलेले असते म्हणून. लेखाशीर्षांची जंत्री बाजूला ठेवा आणि सरळ लिहा: शिकवण्यावर एवढे, इमारत-वीज-पाण्यावर एवढे, वरच्या कारभारावर एवढे. मग पाहा कोणाला कळते आणि कोणाला घाम फुटतो.

दुसरा: गावात राजकारण शिरेल. राजकारण आजही आहे, पण ते बांधकामाच्या टेंडरात आणि बदल्यांत आहे. बंद खोलीतले राजकारण चावडीवर आले तर त्याची शक्तीच कमी होते. गुप्त मतदान असेल तर दांडग्याच्या एका मताची आणि मजुराच्या एका मताची किंमत सारखीच.

तिसरा: गावातल्या खात्यापित्या घरांची पोरे इंग्रजी शाळेच्या गाडीने तालुक्याला जातात, ती घरे जिल्हा परिषदेच्या शाळेला का मत देतील? हा आक्षेप खरा आहे आणि तो आपल्यालाच लागू आहे. पऱ्हाटी विकून आपण त्या गाडीचे भाडे भरतो आणि गावची शाळा ओस पडली म्हणून सरकारला शिव्या देतो. पण माणूस शाळा सोडतो ती दुसरा इलाज नसतो म्हणून. जमिनीचा कस गेला तर तिला शेणखत द्यायचे की सोडून जायचे, हे त्या जमिनीवर आपला हक्क आहे की नाही यावर ठरते. मक्त्याच्या जमिनीला कोणी शेणखत देत नाही. शाळेवर गावाची मालकी आली तर गाव तिच्यात जीव घालील.

जिल्हा मेळाव्यापुढचा ठराव

येत्या जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडायचा आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तो आधी आपल्या गावात वाचून चर्चा करावी.

१. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेचे अंदाजपत्रक एका पानावर, साध्या मराठीत, तीन भागांत छापावे आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. गेल्या वर्षी मिळालेला आणि खर्च झालेला पैसा शेजारच्या रकान्यात असावा. पगाराचे आकडे लपवू नयेत.

२. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी त्यावर गुप्त मतदान घ्यावे. कापसाची वेचणी तोवर बहुतेक उरकलेली असते आणि रब्बी ज्वारीच्या काढणीची घाई पुरती सुरू झालेली नसते. मत गावातल्या प्रत्येक मतदाराला, सातबारा असो वा नसो, मूल शाळेत असो वा नसो.

३. गाव नाही म्हणाले तर शिक्षणाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांच्या आत गावात येऊन आक्षेपांची उत्तरे द्यावीत आणि सुधारलेले अंदाजपत्रक पुन्हा मतदानाला ठेवावे. शिक्षकांची पदे, आहार, पुस्तके आणि कायद्याने दिलेल्या गोष्टी यांना कोणत्याही मतदानाने धक्का लागू नये.

४. मुलामागे किमान रक्कम राज्याने कायद्याने ठरवावी आणि लहान वस्त्यांच्या, कोरडवाहू भागातल्या शाळांना तीवर जादा द्यावे. शाळेसाठी गावावर नवा कर किंवा सक्तीची लोकवर्गणी लावू नये.

५. ज्या गावची शाळा बंद करायची किंवा मिसळायची असेल त्या गावच्या मतदानाशिवाय तसे करू नये.

६. निवडून आलेली जिल्हा परिषद अस्तित्वात नसताना प्रशासकाने शाळांचे अंदाजपत्रक एकट्याने मंजूर करू नये. ते ग्रामसभांपुढे ठेवावे.

सरकार देईल तेव्हा देईल. आपल्याला आजपासून करता येण्यासारखे तीन काम आहेत. एक, माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करून आपल्या शाळेला गेल्या तीन वर्षांत मिळालेला पैसा आणि झालेला खर्च मागवा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीचा आराखडा मुख्याध्यापकांकडून घ्या. त्यावर समितीच्या बायकांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या का, ते त्यांनाच विचारा. शिक्षकांशी भांडू नका; जनगणनेपासून मतदार याद्यांपर्यंत सगळी वेठ त्यांच्या मानेवर आहे आणि या लढ्यात ते आपल्या बाजूचे आहेत. तीन, हाती आलेला हिशेब एका पानावर उतरवा, चावडीवर लावा, दोन डबे ठेवा आणि गावाचे मतदान घ्या. त्याला आज कायद्याची ताकद नाही हे खरे. पण आडव्या बाटलीच्या कायद्याआधी बायकांनी दुकानांपुढे जे ठिय्ये दिले त्यांनाही कायद्याची ताकद नव्हती. शंभर गावांनी एकाच रविवारी मतदान घेतले आणि शंभर निकाल जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवले, तर त्या टेबलामागच्या माणसाला ते कागद उचलून बघावेच लागतील.

ज्या गावात मतदान घ्यायचे ठरेल त्यांनी मेळाव्याच्या आधी आपल्या तालुका प्रमुखांकडे गावाचे नाव आणि शाळेची पटसंख्या कळवावी. चिठ्ठ्यांचा नमुना मेळाव्यात मिळेल. त्यावर एका बाजूला उघड्या दाराची शाळा असेल आणि दुसऱ्या बाजूला कुलूप लावलेली.

पैसा घामाचा, हिशेब गावाचा!
शाळा गावाची, मत गावाचे!